चि. अमेयला: ग्रंथालयात एकदा विचारून पाहा

मुलुंड (पूर्व), मुंबई
रविवार, रात्री

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

काल तू ताटावरून उठून गेलास, त्याविषयी या पत्रात काही लिहायचे नाही असे मी ठरवले आहे. फोनवर आपले बोलणे तिसऱ्या वाक्याला भांडणावर येते, म्हणून हा जुना मार्ग पत्करला. दादा उद्या कुर्ल्याला जाणार आहे. त्याच्याकडे डबा आणि हे पत्र देत आहे.

तू ज्यावर प्रबंध करतो आहेस तो वालातील ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला रोखणारे प्रथिन, १९५५ सालीच स्फटिकरूपात वेगळा केलेला नाही का, असे तुझ्या प्रबंधाच्या समितीतील बाईंनी भर बैठकीत विचारले आणि तुला त्याची माहितीच नव्हती, हे तुला किती लागले असेल ते मला कळते. अशा वेळी "ग्रंथालयात कुणाला विचारले होतेस का?" हा माझा प्रश्न तुला आगीत तेल वाटला असेल. पण प्रश्न तोच आहे, आणि तू उत्तर न देता गेलास.

पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यक-जीवशास्त्राच्या लेखांच्या त्या ऑनलाइन सूचीत, शोधले होते, असे तू म्हणालास, आणि मला ते खरे वाटते. तू 'लॅबलॅब पर्प्युरियस' हे वालाचे आजचे शास्त्रीय नाव टाकले असणार आणि त्यापुढे 'ट्रिप्सिन'. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याचे १९५५ चे ते टिपण 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आले, त्याच्या शीर्षकात ट्रिप्सिन हा शब्दच नाही. 'इंडियन फील्ड बीन' आणि 'डबल बीन' यांतील स्फटिकरूप इनहिबिटर, एवढाच उल्लेख आहे. त्या काळचे संशोधक वालाला 'डॉलिकोस लॅबलॅब' म्हणत. त्यात पबमेडमधील साधारण १९७५ पूर्वीच्या नोंदींना बहुधा सारांश नसतो, नुसते शीर्षक असते, त्यामुळे मजकुरात दडलेला शब्द सापडण्याची सोय तिथे नाही. संदर्भ विभागातील कोणत्याही मुरलेल्या माणसाने तुला आधी हेच विचारले असते, की या वनस्पतीची जुनी नावे कोणती, आणि लोक तिला इंग्रजीत काय म्हणत. दोन मिनिटांचे काम होते, पण त्यासाठी खिडकीपर्यंत जाऊन तोंड उघडावे लागते.

आता ग्रंथालयात कुणी जात नाही, सगळे लॅपटॉपवर येते, हे तुझे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मी ग्रंथालयात नोकरीला असताना आमच्या नियतकालिक विभागात रसायनशास्त्रातील लेखांचे सारांश देणाऱ्या 'केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स'चे खंड एका भिंतीला पुरत नसत. १९०७ पासूनचा तो डोंगर. अक्षर इतके बारीक की देशपांडे सर भिंग घेऊन बसत. पदार्थांची सूची वेगळी, लेखकांची वेगळी, रेणुसूत्रांची वेगळी, आणि कोणत्या सूचीतून आत शिरायचे हे ठाऊक नसले तर दिवस फुकट जाई. म्हणून मुले चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येत, आणि विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. २०१० मध्ये ते छापणे थांबले, ते योग्यच झाले. मात्र सूची पडद्यावर गेली म्हणून कोणत्या दाराने आत शिरायचे हा प्रश्न सुटलेला नाही, फक्त तो विचारणारी मुले दिसेनाशी झाली आहेत. पुन्हा 'आमच्या वेळी' सुरू झाले. क्षमा कर, पुढचे तेवढे मुद्द्याचे लिहिते.

जुनी-नवी सर्व नावे 'ऑर'ने जोडून शोध पुन्हा घे. पबमेडमध्ये 'मेश' नावाची विषयशब्दांची ठरीव यादी आहे, १९६० पासूनची. तुझ्या विषयाला तिथे काय शब्द दिला आहे तो आधी पाहा, कारण लेखकाने कोणताही शब्द वापरला असला तरी नोंदीला त्या यादीतलाच शब्द लावला जातो. मग १९५५ चे ते टिपण हाताशी ठेवून पुढच्या काळात चालत ये: त्याचा संदर्भ नंतर कुणी कुणी दिला, हे गूगल स्कॉलरवर एका टिचकीत दिसते. १९६४ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला तेव्हा हीच गोष्ट जाड खंडांत शोधावी लागे. शिवाय 'ब्रेंडा' या एन्झाइमांच्या ऑनलाइन माहितीकोशात ट्रिप्सिनच्या क्रमांकाखाली, म्हणजे ३.४.२१.४ खाली, त्याला रोखणाऱ्या पदार्थांची यादी मूळ संदर्भांसह असते. तुझा पदार्थ एन्झाइम नाही म्हणून तू तिकडे फिरकलाच नसशील. त्या काळची भारतीय नियतकालिके मात्र पबमेडमध्ये सगळी मिळत नाहीत, आणि शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, अलीकडचे प्रबंध भरपूर असले तरी पन्नास-साठच्या दशकांतले बरेचसे प्रबंध अजून कुठल्यातरी कपाटात बांधलेल्या प्रतीच्याच रूपात असतात. कोणत्या कपाटात, हे माणूस सांगतो. पाहा, पुन्हा तिथेच आले.

तू न विचारणारा आहेस याची मला धास्ती वाटते, ती केवळ प्रबंधापुरती नाही. दहावीत तू जलद गाडीत चढलास आणि ती मुलुंडला थांबत नाही हे ठाण्याला कळूनही कल्याणपर्यंत गप्प उभा राहिलास, शेजारच्याला एक शब्द विचारला नाहीस. तेव्हा घरी सगळे हसले. मी हसले नव्हते. तुझे बाबाही असेच होते. त्या गुरुवारी गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला नुसते "जरा बरे वाटत नाही" म्हणाले असते तर. असो. हे लिहायचे नव्हते.

सोहोनीबाईंचेच पाहा. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्या घरी बसल्या नाहीत, थेट तिथे जाऊन कारण विचारले आणि अटी घालून का होईना प्रवेश मिळवला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. पुढे आपल्या मुंबईत, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, याच डाळी-कडधान्यांवर काम केले. तुझे आताचे काम ज्या शहरात चालले आहे, त्याच शहरात ते आधी झाले आहे. तुला याचा राग आला. मला, खरे सांगू, थोडा अभिमान वाटला.

तुझे काम वाया गेले असे मात्र समजू नकोस. १९५५ मध्ये त्या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम कुणी लावलेला नव्हता आणि रायगडचे कडवे वाल वेगळे काढून कुणी पाहिले होते की नाही, हे तुलाच शोधून सांगायचे आहे. तू पाठवलेला, प्रथिने वेगळी करण्याच्या जेलचा तो फोटो, ज्यात शेवटच्या रांगेत एकच स्वच्छ पट्टा उरला आहे, मी जोशीकाकूंना दाखवला. त्यांनी विचारले की हा कुणाचा एक्स-रे. मी त्यांना सगळी कृती समजावून सांगितली, अमोनियम सल्फेटपासून, आणि त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. माई मोड आलेले वाल सोलताना तू टोपल्याशी बसून "साल का काढायची, भिजवायचे कशाला" असे तिला भंडावून सोडायचास. म्हणजे तेव्हा तू विचारायचास. तिच्यानंतर कधी थांबलास, ते माझ्या लक्षात आले नाही.

तेव्हा एवढे कर. संशोधन-नियतकालिके वाचायला मिळण्याची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे आणि त्यात तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके आहेत; तुमच्या विद्यापीठाचे लॉगिन कसे घ्यायचे, आणि त्यात जुने अंक किती मागे जातात, हे ग्रंथालयातच कळेल. जे तिथे नाही ते डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येते, पण ती मागणी तुला परस्पर करता येत नाही, ग्रंथालयामार्फतच जाते. लेखाचे पूर्ण तपशील, खंड आणि पृष्ठांसह, एका कागदावर लिहून ने; तोंडी सांगितलेले अर्धे चुकते.

डब्यात आमटी वेगळी बांधली आहे, झाकण सरळ धर.

तुझी
आई

ता. क. जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर जाऊ नकोस; त्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला मीसुद्धा नीट उत्तर देत नसे. आणि विचारलेस की मला कळव, उत्तर काहीही मिळो.