हायब्रीड विकून इलेक्ट्रिक घ्यायची का?

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझी पेट्रोल-बॅटरीवाली हायब्रीड कार चांगली चालते आहे, तरी ती काढून इलेक्ट्रिक घ्यावी असं तुझ्या मनात आहे. माझं मत आधीच सांगतो : आत्ता बदलू नकोस. का, ते आकड्यांनी बघ.

पेट्रोल 105 रुपये लिटर धरू आणि तुझ्या गाडीचं खरं ॲव्हरेज 21. म्हणजे किलोमीटरला पाच रुपये. महिन्याला 1500 किलोमीटर फिरलास तर साडेसात हजार. साध्या पेट्रोल गाडीच्या मानाने हायब्रीडने तुझी मोठी बचत आधीच करून दिली आहे. इलेक्ट्रिकवाला हिशोब सांगतो तो पेट्रोल गाडीशी तुलना करून, आणि तो तुला लागू पडत नाही.

आता विजेचं. मधल्या आकाराची इलेक्ट्रिक कार, चार्जिंगमधली गळती धरून, मीटरच्या एका युनिटमागे साधारण सहा किलोमीटर जाते. 1500 किलोमीटरला 250 युनिट. खरी मेख इथे आहे. घरचा वापर 200 युनिट असेल तर गाडीमुळे तो 450 वर जातो, म्हणजे 300 च्या वरच्या महागड्या स्लॅबमध्ये. तिथे वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क सगळं मिळून दर फार चढतो. म्हणून एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर धरू नकोस, वाढीव युनिट कुठल्या दराने पडतील ते बघ. मी 15 रुपये धरतो. महिन्याला 3750 रुपये झाले, म्हणजे बचतही तेवढीच, वर्षाला 45 हजार.

हायब्रीडचे 11 लाख आले आणि नव्या इलेक्ट्रिकला रस्त्यावर येईपर्यंत 18 लाख लागले असं समज. वरचे सात लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाचं व्याज साडेपंचेचाळीस हजार. वाचतात तेवढेच व्याजात जातात, आणि नव्या गाडीच्या किमतीतली पहिल्या वर्षांतली घसरण वेगळीच.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर तर हे गणित आणखी बिघडतं. युनिटला 22 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 26 रुपये. किलोमीटरला सव्वाचार रुपयांच्या पुढे पडतात. हायब्रीडला पाच. पाऊण रुपयासाठी चार्जरपाशी ताटकळत बसायचं का, ते तूच ठरव. लातूरहून इकडे यायचं तर अडीचशे किलोमीटरच्या पुढे. 45 किलोवॅट-अवरच्या (म्हणजे 45 युनिटच्या) बॅटरीवर 85 च्या वेगाने, एसी लावून, एका दमात जेमतेम जमेल. 110 ने हाणलीस तर बीडच्या आसपास थांबावंच लागेल. समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे, पण तुझ्या सोलापूर–धुळे महामार्गावर तो भरावाच लागतो.

सोलरचा मुद्दा तू काढशीलच. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे घर आणि गाडी दोन्हीला मिळून चार किलोवॅट लागतील. तीन किलोवॅट आणि त्यापुढे केंद्राचं अनुदान 78 हजारांवर थांबतं. पण सोलरने घरचं बिल वाचतं ते गाडी न बदलताही वाचतं. ती बचत गाडीच्या खात्यात लिहू नकोस. सोलर मात्र आत्ताच बसव, आणि पुढच्या गाडीसाठी छतावर दोन किलोवॅटची जागा राखून ठेव.

नवीन गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा मी बेलाशक इलेक्ट्रिक घे म्हणेन. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर 40 टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर 5. आपल्या राज्यात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के वाहन कर, इलेक्ट्रिकला माफ. दोन्ही नव्या असल्या की किमतीतली दरी बुजते आणि चालवण्याची बचत निव्वळ हातात पडते.

तोवर घराची वायरिंग तयार ठेव. सात किलोवॅटच्या चार्जरचा हट्ट धरू नकोस, 3.3 चा रात्रभरात पुरतो. बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 पर्यंत न्यायला नऊ-दहा तास लागतात. लाइट मंद असली, व्होल्टेज 180 वर आलं, की आणखी अडीच-तीन तास धर. साध्या 16 अँपिअरच्या प्लगवर मात्र लावू नकोस. 14-15 अँपिअर सलग आठ तास वाहिले की आतला सैल स्क्रू तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग पिन वितळते. बोर्डापासून स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), 30 मिलीअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट, एवढं बसवून घे. मंजूर भारही वाढवून घे.

सगळ्यात जास्त नडतं ते अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगसाठी पुरलेल्या इलेक्ट्रोडला सोडते. मार्चपर्यंत नीट चालणारा चार्जर एप्रिलमध्ये अर्थ फॉल्ट दाखवून बंद पडतो, आणि लोक गाडीला दोष देतात. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घे. ते तीन-चार व्होल्टच्या वर असलं तर अर्थिंगचा नवा खड्डा घे, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा.

आणि आहे त्या गाडीची एक गोष्ट सांभाळ. हायब्रीडच्या बॅटरीला गार हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटपाशी असते. आपल्याकडच्या धुळीने ती बुजते, मग बॅटरी तापते, पंखा घोंघावतो आणि ॲव्हरेज पडतं. दर सर्व्हिसला ती साफ करवून घे, तिच्यासमोर पिशव्या ठेवू देऊ नकोस. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, ते पुस्तिकेत बघून मला कळव. ती संपायच्या आधीचं एक वर्ष हीच तुझी विकायची वेळ.

वर्षभराची लाइट बिलंही पाठव. मे महिन्याचं विसरू नकोस, कूलर-एसीमुळे तुझा स्लॅब तेव्हाच ओलांडत असणार.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव