लाँग रूमच्या चित्रासाठी आभार

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयातलं जुनं दालन, 'लाँग रूम', आमच्या वाचनालयाच्या भिंतीसाठी रंगवताना आमचं छत आलं जुन्या छापील चित्रातून आणि सज्जातली कपाटं आजच्या फोटोतून. तुम्ही एवढंच विचारलंत, "हे 1860 च्या आधीचं की नंतरचं?"

1732 साली बांधून झालेल्या त्या दालनाचं छत सपाट होतं. पुस्तकं फक्त खाली, वरचा सज्जा मोकळा. 1801 पासून त्या ग्रंथालयाला ब्रिटन-आयर्लंडमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत फुकट मागण्याचा हक्क मिळाला आणि फळ्या भरून गेल्या. मग 1860 मध्ये छप्पर उचलून लाकडी अर्धगोल कमान घेतली, वरही कपाटं बसली. म्हणजे आमचं चित्र कुठल्याच सालातलं नव्हतं! छत खरवडून कमान काढली.

दुसरी चूक कपाटांच्या अंतरांची. दालन सुमारे 65 मीटर लांब; अंदाजाने अंतर कमी करत गेलं की मागची कपाटं एकमेकांवर चढतात. तुमची युक्ती आता फळ्यावर लिहून ठेवलीय: पहिल्या खांबाच्या (म्हणजे कपाटाच्या उभ्या कडेच्या) माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या बरोबर मध्यातून रेघ ओढायची, ती जमिनीच्या रेघेला जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. मध्य दर वेळी मोजावा लागत नाही; लोपबिंदूकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या सगळ्या रेघा जिथे मिळतात त्या बिंदूकडे, जाणाऱ्या मधल्या रेघेवर तो मिळतो. पुढचे सगळे खांब असेच.

पुस्तकं एकेक रंगवू नका, हे ऐकायला जड गेलं. पण आधी आख्ख्या फळीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीनचा (गडद निळा) गडद थर, मग पाठींवर उभे फटकारे, आणि सोनेरी ठिपका फक्त जवळच्या दोन कपाटांत. जाडजूड ग्रंथ खालच्या फळीला, लहान वर. काळा रंग वापरला असता तर सावल्या काजळीसारख्या मेल्या असत्या.

तैलरंगाचे पहिले थर टर्पेंटाइनने पातळ, जास्तीचं तेल वरच्या थरांतच. उलटं केलं की वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो.

टांगण्याची जागाही तुम्हीच बदललीत. बेळगावच्या पावसात पश्चिमेची भिंत ओल धरते, कॅनव्हासला मागून बुरशी येते. आता चित्र आतल्या भिंतीवर आहे, खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे, हवा खेळायला.

व्हार्निश दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. रंगाला तोवर सहा महिने होतील. रुंद ब्रश आणून ठेवलाय. पहिला हात तुम्हीच मारायचा.

आपले,
वाचनालयाची चित्रमंडळी, बेळगाव