गोठ्यात का बसते ते

ती. आई, बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर विचारलंस ना, एवढं घर रिकामं पडलंय तर चित्रं काढायला गोठ्यात कशाला बसतेस म्हणून, आणि मागून बाबांचं चाललं होतं की ओटीला काचा लावून घे, पैसे मी देतो. तेवढ्यात रेंज गेली, म्हणून आता सावकाश लिहिते.

ओटी पडली पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट अंगावर येतं आणि खळ्यातली तांबडी माती तेच ऊन वर फेकते, मग कोरा कागदसुद्धा गुलाबीसर दिसतो. अशा उजेडात निळा रंग मातकट वाटतो, हात आपोआप आणखी निळा घेतो, आणि चित्र आत नेलं की समुद्र भलताच थंड दिसतो. गोठ्याची उघडी बाजू उत्तरेला आहे, तिथे सूर्य नाही, नुसत्या आकाशाचा उजेड, तो दिवसभर फारसा हलत नाही. युरोपातले चित्रकार स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागायचे ते ह्यासाठीच. पण तो नियम तिकडचा, आपल्याकडे वर्षभर चालत नाही. देवगडात मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो, सकाळ-संध्याकाळची तिरीप तर सरळ टेबलावर. म्हणून मे महिन्यात तिथे तुझी पांढरी सुती साडी पडदा म्हणून लावलेली, ट्रंकेत होती ती, चालेल ना? ढग आले की काढून ठेवते. आणि भिंतींना चुन्यात जरा काळा घालून राखाडी केलंय, म्हणजे भिंतीचा रंग कागदावर येत नाही.

बाबा, तुम्ही म्हणता तीच खाडी, तोच किनारा किती वेळा काढणार. खरं सांगू, ह्याचं उत्तर तुमच्याच हिशेबात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, लहानपणी तुम्ही पाठ करून घेतलं होतं, त्यावर माझं सगळं कॉम्पोझिशन चालतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी पाणी वर चढलेलं, वाळूची नुसती पट्टी, होड्या तरंगतायत, चित्र आडवं आणि शांत होतं. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी, आणि सूर्य मावळताना समोर लांबच्या लांब ओली वाळू. ती खरी मजा! वाळूत आकाश उतरतं पण वरच्यापेक्षा थोडं गडद, आणि काळ्या होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा थोडं उजळ, हा एवढासा फरक धरला तर वाळू ओली दिसते, नाही धरला तर आरसा ठेवल्यासारखी. त्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोन दोर तिरके समुद्रात गेलेले, डोळा आपोआप त्यांच्यावरून आत जातो, मला वेगळी वाट काढून द्यावी लागत नाही. आणि सकाळी त्याच जागी बसलं तर ऊन पाठीमागून, सह्याद्रीकडून, होड्यांचे रंग दिसतात पण पाणी सपाट. शेजारची काकी रोज विचारते, "परत थंयच काय गो?" हो, परत तिथेच, कारण अजून मन भरलेलं नाही.

पावसात काम थांबत नाही, वेगळं होतं. सावल्याच नसतात, माड, भात, कातळाचा सडा सगळं हिरवं आणि जवळजवळ एकाच गडदपणाचं, तेव्हा रंगापेक्षा टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, बघावा लागतो. ओला जांभा मात्र तेव्हाच बघावा, उन्हात नारिंगी वाटणारा दगड भिजला की काळपट लाल होतो. ट्यूबमधल्या बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरी रंगात, आणि त्या दगडात रंग एकाच गोष्टीचा, लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणून तो रंग इथे चुकत नाही. त्रास कागदाचा. बुरशी धरली की वरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, जातं आणि रंग ठिपक्याठिपक्याने आत शोषला जातो, म्हणून कागद पत्र्याच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळतच नाही, लाइट असेल तर हेअर ड्रायर, नसेल तर चुलीजवळ.

तैलरंग का नाही, हे पण तुम्ही विचारलेलं. बाबा, सा. ल. हळदणकर आपल्या सावंतवाडीत जन्मलेले, त्यांचं हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र म्हैसूरला आहे, कितीतरी लोक ते रवी वर्म्याचं समजतात. ज्योतीचा उजेड तिच्या बोटांतून झिरपतो ना, ते सगळं जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरा, तो वरून लावता येत नाही, आधीपासून जपावा लागतो. मला ते जपणं आवडतं, आणि हेच आयुष्यभर करायचंय.

तर ओटीला काचा नकोत, ते पैसे गोठ्याच्या कौलांना लागतील, दोन ठिकाणी गळतंय. आणि तुम्ही दोघं कोजागिरीला या. ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, घाट स्पष्ट निळा दिसतो, आणि पौर्णिमा म्हणजे ओहोटीचा हिशेब तुम्हाला सांगायला नको. दादाला तिकीट आत्ताच बघायला सांगा, खालचे बर्थ मिळाले पाहिजेत. कणकवलीला मी रिक्षा घेऊन येते. आई, गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस, पुळणीवर, वाळूत चालायचंय.

तुमची,
बाय