बुधवारची गाडी धरायची आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आधी तुम्ही एकट्यानं वाचा, ओसरीत नको. मग आईला मागच्या खोलीत दार लावून वाचून दाखवा. फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो आणि काकू नेमकी तेव्हाच विरजण मागायला येते. म्हणून बबलूच्या हाती पाठवते.

रिपोर्ट आला. आईच्या योनीमार्गातल्या त्या गाठीत कॅन्सर निघाला आहे. त्याचं नाव मेलेनोमा. बुधवारच्या रात्रीच्या अमरावती-मुंबई गाडीची आपली तिघांची तिकिटं काढली आहेत, टाटा हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवलं आहे आणि मी रजाही टाकली आहे. तुम्हाला न विचारता केलं याचा राग येईल, माहीत आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता वेचणी होऊ दे, आणि आई म्हणाली असती संक्रांत होऊ दे. थोरल्या काकांच्या वेळी आपण असंच ‘होऊ दे’ करत बसलो होतो.

आई, तू पहिल्यांदा हेच विचारशील की हे खारपाणपट्ट्याच्या पाण्यानं झालं का. नाही. उन्हात निंदण-खुरपण केल्यानंही नाही. कातडीच्या मेलेनोमाशी उन्हाचा संबंध असतो, पण हा आतल्या नाजूक अस्तरात होतो, जिथे ऊन पोचतच नाही. अंगाला रंग देणाऱ्या पेशी नाकात, तोंडात, शौचाच्या जागी आणि बायकांच्या अंगातही असतात, त्या कुणाच्या चुकीशिवाय बिघडतात. गोऱ्या लोकांच्या देशात शंभर मेलेनोमांत असा एखाद-दुसराच निघतो. आपल्याकडे कातडीचाच कमी, म्हणून याचा वाटा जरा जास्त. तरी दुर्मिळच. तू काही खाल्लं, काही पाळलं नाहीस, कुणाची नजर लागली, असलं काही मनात आणायचं नाही. आणि हा स्पर्शानं होत नाही. पिंट्याला ताटात घेऊन जेव, खुशाल जेव.

पाळी जाऊन बारा वर्षं झाल्यावर पोळ्यापासून अंगावरून लाल जात होतं आणि तू ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा भिजवून पीत राहिलीस. तालुक्याच्या दवाखान्यात दोन महिने इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या, आत तपासून कुणी पाहिलंच नाही. तूही पाहू दिलं नसतंस, ते वेगळं. पण दिवाळीत मी चार दिवस घरी होते. तू पहाटे उठून तुझे कपडे वेगळे धूत होतीस आणि गोठ्यामागच्या दोरीवर वाळत घालत होतीस, ते मी पाहिलं. माझा धंदाच हा. अकरा वर्षं लॅबमध्ये बायाबापड्यांच्या गाठी मेणात बसवते, कापते, रंगवते. आणि मी चहा पिऊन आत गेले. विचारलं नाही. शेवटच्या दिवशी विचारलं.

ते जाऊ द्या. पुढचं ऐका.

नागपूरला काढलेला तुकडा आमच्याच लॅबला आला होता. आई, तुझा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, मीच कापला, दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. तीन-चार मायक्रॉनचा काप असतो, फुंकर मारली तर उडेल असा. काळा रंग कुठे दिसलाच नाही. काही मेलेनोमात रंगच नसतो, म्हणून ते दुसऱ्याच आजारासारखे दिसतात आणि फसवतात. पहिल्या पाहणीत लॅबच्या डॉक्टर सरांनाही नक्की सांगता येईना. मग मार्कर लावले, म्हणजे पेशी कोणत्या जातीची ते रंगावरून ओळखायची तपासणी. एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए हे तीनही तपकिरी उमटले आणि साध्या कॅन्सरचा केराटिन कोराच राहिला. तेव्हा नाव पक्कं झालं. तो रंग चढताना पाहत होते आणि मला तुझी गोधडी आठवली, हळदीचे डाग पडलेली, तापात तू मला गुंडाळून घ्यायचीस ती. अजून आहे का ती?

आता बाबा, तुमचा प्रश्न. स्टेज कोणती? मी खोटं बोलत नाही, अजून कळायची आहे. या जागेच्या मेलेनोमाला स्वतःचा असा स्टेजचा तक्ताच नाही. कातडीच्या आणि बाहेरच्या भागाच्या मेलेनोमाला खोली मिलिमीटरमध्ये मोजून स्टेज देतात, पण आईची गाठ आत, खालच्या भागात पुढच्या बाजूला आहे. बायकांच्या आतल्या साध्या कॅन्सरचा तक्ता याला धड लागू पडत नाही. म्हणून डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: जागेवरच आहे, जांघेतल्या किंवा पोटातल्या लिम्फच्या गाठींत (त्या सगळ्यांच्याच अंगात असतात) गेला आहे, की लांब फुफ्फुस-यकृताकडे. त्यासाठी ओटीपोटाचा एमआरआय, सगळ्या अंगाचा पेट-सीटी आणि डोक्याचाही एमआरआय. पेटच्या आधी काही तास उपाशी राहायचं, साखरेचा चहाही नाही. आई, एकादशी समज. सुई टोचतात, मग तासभर पांघरूण घेऊन पडायचं, बोलायचंही नाही. ते तुला जड जाईल.

नागपुरात हे होत नाही असं नाही, चांगले दवाखाने आहेत. पण हा आजार चिवट आहे आणि पहिलं ऑपरेशन नीट झालं पाहिजे, कडा स्वच्छ सुटल्या पाहिजेत, म्हणजे कापलेल्या काठावर आजार उरता कामा नये. ज्यांनी असे पेशंट पाहिले आहेत त्यांच्याच हातून व्हावं, एवढंच. तुकड्याची किट नावाच्या जीनची तपासणीही करायची आहे, त्यात दोष सापडला तर त्यावर गोळी आहे. नाही तर इम्युनोथेरपीची, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं. ते सगळं तिथे गेल्यावर. दादा म्हणतो ते झाडपाल्याचं औषध आत्ता नको, त्याला मी सांगितलं आहे, तुम्ही पुन्हा विषय काढू नका.

तपासायला बाई डॉक्टर असावी, असं मी मागून घेणार आहे. मी आत येईन, तुझा हात धरीन, बाबा बाहेर बसतील. नऊवारी नको, तुझ्या त्या दोन सैल मॅक्स्या घे. पहिले दोन दिवस कुर्ल्याला माझ्या मैत्रिणीकडे. फाईल तयार झाली की दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत नाव घालू, टाटाचे पेशंट तिथे राहतात. आपल्याच शेंडगावचे बाबा ते, मुंबईत गेलो तरी परक्यात नाही पडणार. गरम पाणी मिळेल, भाकरीचं मी पाहते. आंबाडीची भाजी मिळणार नाही, आधीच सांगते. खालचा बर्थ तुझा.

बाबा, वावर या साली बटईनं द्या, बोलणी दादा करेल. कपिलीचं दूध काकूनं काढायचं, निम्मं तिचं. आधार आणि राशनकार्ड दोन्ही घ्या, महात्मा फुले योजनेला लागेल. आधारवर आईचं नाव ‘शांता’ आणि राशनवर ‘शांताबाई’ आहे, ते मी लॅमिनेशनवाल्याला विचारून ठेवलं होतं, तुम्ही विसरलात. पुढच्या खेपेपासून दवाखान्याचा फॉर्म भरला की आईचं स्लीपर किंवा थर्ड एसीचं तिकीट फुकट आणि सोबत्याला पाऊण सूट. या वेळचं मी भरलं आहे, पैशाची गोष्ट काढली तर मी बोलणार नाही.

गावात विचारलं तर ‘गर्भाशयाचं ऑपरेशन’ म्हणा, तेवढंच पुष्कळ झालं. पपीताईच्या लग्नात झालं तसं नको.

आई, तू मले न्यायची ना दर्यापूरच्या बशीत, खिडकीची जागा देऊन, स्वतः उभी राहून. पदराच्या गाठीत दोन रुपये. आता मी उभी राहीन, तू बस. रडू नको, व माय. आणि आलंच तर बाबांसमोर रड, एकटी न्हाणीत नको.

बुधवारी दुपारी चारच्या बशीनं अमरावतीला या. मी स्टेशनवर चहाच्या टपरीजवळ उभी आहे.

तुमचीच,
सुनी

ता. क. बाबा, खर्रा आणायचा नाही. बनियनच्या खिशात लपवता ते मला ठाऊक आहे, बडनेऱ्याच्या आधी खिसे पाहीन.