परळच्या काउन्सेलर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालू का असं विचारलं तेव्हा तुम्ही हसून नको म्हणालात, म्हणून नुसतं मॅडम. चारचौघांत लिहितेय, कारण आमच्यासारखी घरं आणखी असणारच. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आमच्या घरातला हा आजार दर पाचशे माणसांत साधारण एकाला असतो, म्हणजे सकाळच्या एका भरलेल्या लोकलमध्ये आठ-दहा जण, हा हिशोब तुमचाच.

दादा कुर्ला स्टेशनचा जिना चढताना कोसळला. वय 41. दारू नाही, तंबाखू नाही. सगळे म्हणाले, अटॅक. आणि मग आमच्या घरात व्हायचं तेच झालं. दहाव्याला आलेल्या आत्या वहिनीच्या देखत बोलल्या, "हिचा पायगुणच तसा." माझ्या आईनं मान वर केली नाही. 1983 साली, गिरणी संपात बाबा 34व्या वर्षी गेले, तेव्हा हेच शब्द तिच्या वाट्याला आले होते. चाळीनं निदान संपाला तरी दोष दिला होता. घरच्यांनी तेवढंही केलं नाही.

पुढे मला जिन्यावर धाप लागायला लागली, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची मधली भिंत 17 मिलिमीटर, म्हणजे नको तेवढी जाड निघाली आणि डॉक्टरांनी तुमच्याकडे, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांच्या काउन्सेलरकडे पाठवलं. मला वाटलं, रक्त घेतील आणि रिपोर्ट हातात देतील. तुम्ही आधी कोरा कागद पुढे ओढलात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. राजापूरचे काका भाताच्या खाचरात गेले ते कसे, चक्कर यायची का, आजोबांचे भाऊ किती, त्यांतलं कोण लवकर गेलं. मला आठवेना तेव्हा तुम्ही आईला फोन लावायला लावलात. अर्ध्या तासात कागदावर तिरक्या रेघा दिसायला लागल्या, आणि त्या सगळ्या बाबांच्या बाजूला. आईच्या माहेरी एक नाही. वहिनी तर लग्न करून आलेली, तिचा गोल बाजूला स्वच्छ.

मग तुम्ही दादाचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मागितलात. वहिनीनं तो विम्याच्या कागदांत ठेवला होता. त्यात सरळ लिहिलं होतं: हृदयाचं वजन 560 ग्रॅम, डाव्या कप्प्याची भिंत जाड. मोठ्या पुरुषाचं हृदय साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅमचं असतं. ही ओळ विम्यासाठी झेरॉक्स होऊन चार टेबलांवरून फिरली, वाचली तुम्ही.

रक्ताच्या रिपोर्टात एमवायएच-7 या जीनमध्ये, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकात, दोष निघाला. हा जीन मायोसिन बनवतो, म्हणजे हृदयाचा स्नायू ज्याच्या जोरावर आकसतो ते प्रथिन. या आजाराशी सगळ्यात आधी, 1990 साली, जोडला गेलेला जीन हाच. रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती, एमवायबीपीसी-3 या दुसऱ्या जीनमधली डीएनएची 25 अक्षरं गायब. ती वाचून माझ्या इंजिनिअर भाच्यानं रात्रभर नेट पालथं घातलं आणि सकाळी जाहीर केलं की मावशीला दोन-दोन आजार आहेत. तुम्ही त्याला शांतपणे समोर बसवलंत. ही अक्षरं भारतात आणि शेजारच्या देशांत शंभरातल्या साधारण चौघांकडे नसतात, 2009 साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी खळबळ उडाली. पण 2018च्या अभ्यासात दिसलं की यातल्या काही जणांकडे त्याच जीनमध्ये शेजारी आणखी एक बदल असतो, आणि जाड भिंतीचा धोका बराचसा त्याच्यामुळे. तो बदल माझ्यात नाही, हेही रिपोर्टावर बोट ठेवून दाखवलंत. भाचा गप्प बसला. तो सहसा बसत नाही.

पण खरे आभार मानायचे ते आत्यांच्या दिवसाचे. त्यांना तपासणीला आणायला घरात कोणी तयार नव्हतं. "पंचाहत्तरीला मला काय होणार" हे त्यांचं पालुपद. तुम्ही स्वतः फोनवर बोललात. इकोत भिंत थोडी जाड आणि रक्तात तोच दोष. एकाच घरात तोच दोष एकाला चाळिशीत नेतो आणि एकाला पंचाहत्तरीतही बाजारहाट करू देतो, हे मला तेव्हा कळलं. आत्यांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे आमच्याच रक्तातलं?" तुम्ही हो म्हणालात, आणि लगेच, "आईवडिलांपैकी एकाकडे असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. कोणी कोणाला मुद्दाम देत नाही." वहिनी शेजारीच होती. तिच्याकडे तुम्ही मुद्दाम पाहिलं नाहीत, हे मी पाहिलं. टॅक्सीत आत्या काही बोलल्या नाहीत. लालबागला उतरताना वहिनीच्या हातातली पिशवी मात्र त्यांनी स्वतः घेतली. माफीबिफी नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

मुलांचं तुम्ही घाईनं केलं नाहीत. वहिनीला आधी विचारलंत, कळलं तर काय कराल, नाही कळलं तर काय कराल. तिनं वेळ घेतला. मुलीत दोष नाही, तिला आता दरवर्षीच्या इकोची गरज नाही. मुलात आहे, पण हृदय अगदी नीट. वहिनी कबड्डी बंद करायला निघाली होती, तेव्हा तुम्हीच कार्डिओलॉजिस्टकडे सोबत गेलात. दोष आहे पण आजार नाही, अशा मुलाला सरसकट मैदानाबाहेर काढत नाहीत. ईसीजी आणि इको वेळच्या वेळी, आणि छातीत धडधड किंवा चक्कर आली तर लगेच यायचं. पोरगा नायगावला खेळतो. चढाईला गेला की वहिनी अजून डोळे मिटते, ते चालायचंच.

माझ्या गोळ्या चालू आहेत, जिना सावकाश चढते.

राजापूरचे दोघे चुलतभाऊ गणपती झाले की मुंबईला येतायत. त्यांना राजी कोणी केलं असेल? आत्यांनी. तुमचा तो चौकोन-गोलांचा कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतलाय आणि त्यावर गावाकडची आणखी सहा नावं पेन्सिलीनं भरली आहेत. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

तुमची,
लालबागची पेशंट