पोरं टिकत नाहीत, कारण बारा तास

संपादक साहेब, कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडं फौंड्रीवाल्यांची (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखानदारांची) एकच तक्रार, पोरं कामावर टिकत नाहीत. अहो पण भट्टीपुढं बारा बारा तास उभं केल्यावर कोण टिकणार? पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत असंच जादा तास राबवून बघितलं, माणसं दमली, आजारी पडली आणि माल काय त्या मानानं वाढला नाही, मग १९१५ ला सरकारनं कमिटी नेमली, तिनं तास कमी करा, रविवारची सुट्टी द्या म्हणून सांगितलं. तिथल्या औद्योगिक मानसशास्त्राची, म्हणजे कामावरच्या माणसाचं मन नि थकवा अभ्यासणाऱ्या शास्त्राची, सुरुवात बरीचशी यातनंच झाली. आपल्याकडं एचआर, म्हणजे कामगारांचं बघणारं खातं, म्हटलं की फक्त खाडे मोजणारा माणूस. निदान उन्हाळ्यात तरी आठ तासाची शिफ्ट करा की राव.
– एक वाचक, कोल्हापूर