पुड्यातली बुरशी जिवंत आहे, हे कोण तपासणार?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

जुन्नर तालुक्यात मी गेली आठ वर्षं सेंद्रिय टोमॅटो पिकवते. यंदा मे महिन्यात ट्रायकोडर्माचे, म्हणजे मुळांना रोगाच्या बुरशीपासून राखणाऱ्या उपकारक बुरशीचे, दोन पुडे आणले. 100 किलो कुजलेल्या शेणखताला एक किलो, असे सावलीत दोन ढीग लावले, पाणी शिंपडलं, वर गोणपाट टाकलं. दहा दिवसांनी बघते तर एका ढिगावर हिरवीगार बुरशी धरलेली, दुसरा होता तसाच काळा. कंपनी एकच, पण दुसरा पुडा दुकानदाराने पत्र्याखाली रचलेल्या खोक्यातून काढून दिला होता.

लागण तोंडावर आली होती, म्हणून दोन्ही ढीग वापरले. काळ्या ढिगाच्या सऱ्यांत मर जास्त लागली. दुपारी झाडं माना टाकायची. खोड चिरलं की आत तपकिरी रेघ. मर फक्त त्या पुड्यामुळेच आली असं मी म्हणणार नाही, पण राखण करणारा तिथे नव्हता एवढं खरं.

साहेब, रासायनिक शेती करणाऱ्या शेजाऱ्याला रोग दिसल्यावरही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, बुरशीनाशक मारता येतं. आमच्याकडे मर दिसली म्हणजे वेळ गेलेली असते. करप्यासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, आहे (तांबं मातीत साठतं, म्हणून तेही हात राखूनच). ते नीट झालं का, हे विळा सांगतो: पातं बुडवून तांबूस थर चढला की चुना कमी पडला. ट्रायकोडर्माला असा विळा नाही. पुड्यावर ग्रॅममागे 20 लाख जिवंत बीजाणू छापलेले असतात, आणि आम्ही त्या छपाईवर विश्वास ठेवून पैसे मोजतो.

कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे, म्हणून मागते. नमुने कारखान्यातून नको, दुकानाच्या फळीवरून घ्या, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. जिथे माल गारव्यात ठेवायची सोय नाही, त्या दुकानाला जिवंत औषधं विकायची परवानगी देऊ नका. तपासणीत मेलेला निघालेला माल कुठल्या कंपनीचा, कुठल्या बॅचचा, हे तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लावा. आणि मृगाच्या आधी लावा. नंतर कळून काय उपयोग, तोवर आमचं शेणखत मातीत गेलेलं असतं.

आपली नम्र,
एक टोमॅटो उत्पादक,
ता. जुन्नर, जि. पुणे